हयातीचा दाखला

नोव्हेंबरात माझ्या टपालपिशवीत एक यंत्र असतं,
तळहाताएवढं, काळं.
त्यावर अंगठा टेकवायचा,
मग सरकार मानतं, माणूस अजून आहे.

बाबल मयेकरांचा अंगठा लागेना.
पुसून, ओला करून, खोबरेल चोळून,
नऊ वेळा. नऊ वेळा तांबडा दिवा.
"म्हणजे मी जिवंत नाय गो?"
ते हसले नाहीत. मीही नाही.

अडतीस वर्षं आचऱ्याच्या बंदरावर
वादळाचा बावटा तेच चढवायचे.
दोरी ओढून ओढून अंगठ्यावरच्या रेषा गेल्या.
त्यांनी चढवला की एकही होडी बाहेर पडत नसे,
मग ताज्या मासळीवाचून लग्न अडलं तरी अडो.

गेल्या श्रावणात पाखाडीवर पाय घसरला,
एक चिऱ्यावर, एक माडाच्या आळ्यात.
हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, चाला आता.
पण बाबलनी स्वतःच्या दारावर बावटा चढवला होता,
तो उतरवायची वर्दी कोण धाडणार?
चौदा महिने. माजघर, पडवी, खाट.
केस कापणारा घरी, देवाचा प्रसाद घरी.
सून गुणाची,
पाणी, काठी, रेडिओ, सगळं हाताशी ठेवायची.
सगळं हाताशी आलं
की हात लांब करणं विसरायला होतं.

मी म्हटलं, हापिसात मोठं मशीन आहे,
तिथे नक्की लागेल, तीस तारखेच्या आत या.
खोटं बोलले.
हापिसात हेच यंत्र असतं, याच पिशवीत.

बराच वेळ ते दाराकडे बघत राहिले.
मग दुखण्याचं नाही, पडण्याचं नाही,
एवढंच विचारलं,
"मधी बसू खंय?"

दोनशे सत्तर पावलं आणि अठरा पायऱ्या.
बसायला खरंच कुठे काही नव्हतं.
मी टपाल वाटता वाटता दारोदार सांगितलं.
सायमन फर्नांडिसनी वेताची खुर्ची गडग्याबाहेर काढली,
एक हात मोडका, पण बसायची भक्कम.
गिरणीवाल्या जिलूने पोत्यांखालचा बाक दिला, पिठासकट.
पुढच्या वळणावर शाळेच्या पोरांनी
कोणाला न विचारता
जुन्या होडीची फळी दोन चिऱ्यांवर टाकली.
पायऱ्यांवरचं शेवाळ सुनेने खरवडलं,
कोयत्याच्या पाठीने, दोन दुपारी.

पहिल्या दिवशी उंबऱ्यापर्यंत. माघारी.
दुसऱ्या दिवशी तुळशीपर्यंत.
मग तीन दिवस काहीच नाही, वाऱ्याचं निमित्त.
मग एका सकाळी सायमनच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसलेले,
आणि मासळीची टोपली घेऊन चाललेली इंदू थबकली,
"बाबलदा! माका वाटला तुमी..."
तिने जीभ चावली.
"सरकाराकय तसाच वाटता," ते म्हणाले,
आणि चौदा महिन्यांनी कोणाशी तरी
बांगड्याच्या भावावरून भांडले.

अठ्ठावीस तारखेला हापिसाच्या पायरीवर चढले,
शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.
अंगठा तिथेही लागला नाही.
मोबाईलपुढे चेहरा धरला, पापण्या मिटून उघडल्या,
हिरवा दिवा.
हे घरीही झालं असतं, तेही आता सांगून टाकते.
त्यांनी टेबलावरचं काळं यंत्र पाहिलं,
मग माझी पिशवी, मग मला.
पाणी मागितलं, बस्स.

आता दहाच्या सुमाराला ते टपालाच्या ओट्यावर असतात.
कोणाचं पाकीट आलं, कोणाचं नाही,
माझ्याआधी त्यांना ठाऊक.
पोरं मोबाईलवर हवामान बघतात,
आणि तरीही जाता जाता विचारतात, "काय म्हणता वारो?"

काल मी पिशवी भरत होते.
ते समुद्राकडे बघतच म्हणाले,
"गोदाक्का दिसाक नाय खूप दिवस.
वरल्या वाडीतली. तिचो उजवो गुडघो,
बाक नको, खुर्ची व्हयी, उंच.
सायमनाक मी सांगतंय."
मग थोडं थांबून,
"आणि तू तिका सांग,
हापिसात मोठा मशीन आसा."